पायातल्या वाद्या

बाज धरायचा म्हणजे उजाडण्याआधी घर सोडावं लागतं. तेवफिकनं त्या दिवशीही सोडलं. कमरेला फडक्यात बांधलेली मक्याची भाकरी, खांद्यावर जाळं, आणि छातीशी धरलेल्या टोपलीत खाटीक नावाचं लहानसं पाखरू. या खाटकाला काठीच्या टोकावर नाचवलं की आभाळातला बाज त्याच्यावर झेप घेतो आणि मधल्या जाळ्यात अडकतो. तीस वर्षं तेवफिक दर शरदात हेच करत आला होता. धरलेला बाज माणसाळवायचा, त्याच्याकडून हंगामभर लाव्यांची शिकार करायची, आणि थंडी पडली की पायातल्या चामड्याच्या वाद्या कापून त्याला सोडून द्यायचं. काळ्या समुद्रावरच्या त्या डोंगरांत बापजाद्यांपासून हीच रीत.

"दुपारच्या नमाजाआधी खाली या," त्याची बायको नाझ्मिये दारातून म्हणाली. "चहाची शेवटची खुडणी राहिलीय, आणि तुम्ही चाललात पाखरांमागे."

"लाव्यांचं कालवण ओरपताना बरी आठवत नाही तुला खुडणी!"

ती हसली. तो वाटेला लागला.

उताराच्या वळणावर तिचा धाकटा भाऊ इद्रिस गाईच्या गोठ्यासाठी नेचे कापत होता. तेवफिकला वरच्या वाटेकडे वळताना बघून त्यानं कोयता थांबवला.

"दाजी, वाट चुकलात की काय? तुमचं बाज धरायचं खोपटं तिकडे."

"माझ्या खोपट्यावरून यंदा चिमणीसुद्धा जात नाही. रामीझकाकांच्या खोपट्यात बसतो आज. ओसच पडलंय ते."

"ओस पडलंय ते उगाच नाही." इद्रिसनं कोयता नेच्यांत ठेवला. "गेल्या साली त्यांना खाली आणायला मी होतो. बसल्या जागी गेले होते. डावा हात असा, बाज बसवल्यासारखा वर. चौघांनी दाबला तरी खाली येईना. इमामांनी शेवटी तसाच नमाज पढवला. कफनातून हात वर आलेला दिसत होता, सगळ्यांना."

"म्हातारा माणूस. थंडीनं आखडला असेल."

"असेल. पण हातावर काही नव्हतं ना, दाजी. मग कुणासाठी धरला होता?"

"तुझ्यासारख्या मेहुण्याच्या थोबाडीत द्यायला," तेवफिक म्हणाला. इद्रिस हसला खरा, पण दाजी डोंगराच्या धारेवर दिसेनासा होईपर्यंत त्यानं कोयत्याला हात लावला नाही.

खोपटं चांगलं शाबूत होतं. फांद्यांचा सांगाडा, वर वाळलेले नेचे, समोर काठी बाहेर काढायची फट, आणि मागे वाकून आत शिरण्याइतकं तोंड. आतली माती बसून बसून गुळगुळीत झाली होती. वास मात्र नको तसा होता. ओल्या पिसांचा, शिळ्या मांसाचा. वर्षभर कुणी बसलं नव्हतं तिथे. मग हा वास कसला, असा विचार तेवफिकच्या मनात आला आणि गेला. त्यानं जाळं ताणलं, खाटकाला काठीवर बसवलं, आत शिरला आणि वाट बघू लागला.

सूर्य वर आला तसं समुद्रावरून धुकं चढू लागलं. आधी खालची मशीद गेली, मग चहाचे मळे, मग जाळ्यापलीकडचं झुडूप. धुक्यात बाज उडत नाहीत. उठावं आता, असं त्यानं ठरवलं, आणि तेवढ्यात काठीवरचा खाटीक अंग चोरून काठीला चिकटला. पिसारा एवढा घट्ट मिटलेला, की पाखरू निम्म्यानं लहान दिसायला लागलं.

झेप दिसली नाही. पंखांचा आवाजही नाही. जाळं नुसतं हललं.

मादी होती. एवढी मोठी मादी तेवफिकनं जन्मात पाहिली नव्हती. पाठ पाटीसारखी निळसर, छातीवर बारीक आडव्या रेघा. डोळे पिवळे नव्हते, नारिंगी होते. म्हणजे चांगली जुनी, कितीतरी शरद पाहिलेली. जाळ्यात अडकलेला बाज जीव खाऊन धडपडतो, चोच मारतो, किंचाळतो. ही पंख मिटून स्वस्थ होती. त्यानं जाळं सोडवलं, तिच्या पायांत चामड्याच्या वाद्या बांधल्या, त्यांची टोकं डाव्या मुठीत धरली. ती आपण होऊन त्याच्या उघड्या हातावर चढून बसली.

"माशाल्ला..." तो पुटपुटला. आनंदानं त्याचे डोळे भरून आले. अख्ख्या गावात असं पाखरू कुणाच्या हातावर बसलं नव्हतं.

खाटकाला टोपलीत घालून तो बाहेर पडायला वाकला. खोपट्याच्या तोंडाशी पाय ठेवताच मादी हातावरून उसळली आणि वाद्यांना उलटी लटकून फडफडू लागली. तो मागे सरला. ती वर येऊन शांत बसली. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा पाय टाकला. पुन्हा तेच. असं फडफडणारं पाखरू घेऊन निसरड्या वाटेनं उतरलं, तर एखादं पीस मोडायचं. आणि मोडक्या पिसाचा बाज हंगामभर कुचकामी. धुकं निवळेपर्यंत थांबू, त्यानं मनाची समजूत घातली आणि मागे टेकून बसला.

भूक लागली. उजवा हात भाकरीकडे गेला, तशा तिच्या नख्या आवळल्या. हळूहळू, चामडीतून आत. त्यानं हात मागे घेतला. नख्या सैल झाल्या. पुन्हा हात गेला, पुन्हा आवळल्या. मनगटावरून रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत आला. ती मात्र चाळवलेली नव्हती. मान किंचित कलती करून त्याच्याकडे बघत होती, मन लावून.

मग धुक्यातून, वरच्या अंगाकडून, शीळ आली. दोन आखूड, एक लांब. बाजाला हातावर बोलावतात ना, तशीच.

"कोण आहे?" तेवफिक ओरडला. "इद्रिस? अरे, मी इकडे..."

हातावरच्या नख्या सैल झाल्या होत्या. त्यानं घाईनं भाकरीचा एक घास तोंडात कोंबला. दुसऱ्याला हात गेला, आणि नख्या परत आवळल्या.

किती वेळ गेला कळेना. धुक्याचा पांढरा रंग काळा झाला आणि पुन्हा पांढरा झाला, म्हणजे रात्र उलटून गेली असावी. डोळा लागला की नख्या रुतायच्या. दाराकडे बघितलं की ती उसळायची. शीळ आली की घास. शीळ नाही, तर घास नाही. आणि त्या पांढऱ्या, कोंदट जागेत बसल्या बसल्या तेवफिकला कळलं. हे सगळं त्याला पाठ होतं. उपाशी ठेवायचं, झोपू द्यायचं नाही, हाकेला एक तुकडा द्यायचा. तीस वर्षं त्यानं पाखरामागून पाखरू असंच माणसाळवलं होतं. आपल्या हातावर बाज बसलाय असं तो समजत होता. खरं म्हणजे त्यालाच कुणीतरी बसवलं होतं.

त्याच्या कमरेला सुरी होती. उजव्या हातानं त्यानं ती काढली, वाद्यांवर टेकवली. एक झटका, की सुटका.

शीळ आली.

त्यानं सुरी खाली ठेवली. कुणी हिसकावली नाही, नख्याही रुतल्या नाहीत. आपणच ठेवली. आणि ठेवताना छातीत जे ऊबदार, गोड काहीतरी पसरलं, शाबासकी मिळावी तसं... त्यानं तो हादरला. नख्यांचं काय, सोसता येतात. हे सोसवत नव्हतं.

पुढची शीळ जवळून आली. तो उठला. या खेपेला मादी उसळली नाही. तो खोपट्याबाहेर गेला, वरच्या अंगाला चार पावलं चढला. पायांना कसलीतरी ओढ बसली, तसा थांबला, वळला, परत येऊन जागेवर बसला. मग पुन्हा शीळ, पुन्हा चार पावलं. प्रत्येक खेपेला थोडं आणखी लांब. वर कोण उभं आहे ते धुक्यात दिसत नव्हतं. तो ओल्या पिसांचा वास मात्र तिकडूनच येत होता. आपण घाबरायला हवं, हे त्याला कळत होतं. पण पुढच्या शिळेची तो वाट बघायला लागला होता.

"दाजी! ओ दाजी! आहात का?"

आवाज खालून आला. तेवफिकला तो ओळखू आला नाही. नुसता गलका, मोठा, अंगावर येणारा. तो दचकला आणि खोपट्याच्या भिंतीवर आदळला, मग दुसऱ्या भिंतीवर. फांद्या मोडल्या, कपाळ फुटलं, तरी थांबता येईना. इद्रिस वाकून आत शिरला तेव्हा दाजी कोपऱ्यात हात फडफडवत होता आणि घशातून बारीक, चिरका आवाज काढत होता.

"या खुदा... दाजी, मी आहे. इद्रिस. शांत व्हा... शांत."

काय करावं ते त्याला सुचेना. त्यानं अंगातला कोट काढून तेवफिकच्या डोक्यावर टाकला. अंधार झाला, आणि तेवफिक एकदम निवांत झाला. कोटाच्या आत त्याला इद्रिसचा श्वास ऐकू येत होता. मुठीतून वाद्या ओढल्या जात होत्या.

"सोडा. सोडा म्हणतो ना... माझ्या बोटांना गुंडाळतायत त्या... सोड गं, सोड!"

पंखांची एक फडफड झाली. मग काही नाही. इद्रिसनं त्याला पाठीवर घेतलं आणि उतरायला लागला. सबंध वाटेत तो मधेमधे थांबत होता, मागे काहीतरी ऐकत असल्यासारखा.

अर्हावी शहरातल्या डॉक्टरनं जखमा बांधल्या, थकवा आहे म्हणाला, शक्तीच्या गोळ्या दिल्या. थकव्यानं माणूस खिडकीत बसून दिवसभर आभाळ बघत नाही. पुढ्यातलं ताट तसंच ठेवून कुणाच्या तरी हुकमाची वाट बघत नाही. नाझ्मिये घास भरवायची, आणि त्याच्याकडे पाठ केली की डोळे पुसायची. तेवफिकला ते दिसायचं. बोलावंसं वाटायचं. पण आत सगळं कान होऊन बसलं होतं, आणि कानाला दुसरं काम उरलं नव्हतं.

"हंगाम संपू दे, ताई," इद्रिस तिला हळूच म्हणाला. "हंगाम संपला की आपण पाखरं सोडतो ना? ते जे कुणी आहे... तेही सोडेल."

आणि झालंही तसंच. थंडीचा पहिला कडाका पडला, गावातले सगळे बाजवाले मशिदीसमोरच्या मोकळ्या जागेत जमले, एकेकानं वाद्या कापून आपापलं पाखरू उडवलं. खिडकीतून तेवफिक बघत होता. शेवटचा बाज दक्षिणेकडच्या खिंडीत दिसेनासा झाला, आणि त्याच्या छातीवरचा दगड कुणीतरी उचलला. भिंत दिसली, चूल दिसली, बायकोचे पिकलेले केस दिसले.

"अगं, मासळीचा वास कुठून येतोय?" तो म्हणाला. "सगळी शेजाऱ्यांनाच खाऊ घालणार आहेस का?"

नाझ्मियेच्या हातातलं पातेलं खाली पडलं. त्या दिवशी ती रडता रडता हसली, हसता हसता रडली. त्यानं आपल्या हातानं पोटभर खाल्लं. शेजारीपाजारी येऊन गेले, विनोद झाले, चहाच्या फेऱ्या झाल्या.

इद्रिस मात्र त्या दिवशी आला नाही. चार-पाच दिवसांनी आला, एका दुपारी. नाझ्मिये आत स्वयंपाकाला लागली. तो चुलीजवळ तेवफिकसमोर बसला. चेहरा उतरला होता. चहाचा पेला हातातच निवला.

"दाजी, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्हाला पाठीवर घेतलं ना त्या दिवशी... तेव्हा तुमचे घोटे दिसले मला. दोन्ही घोट्यांना वळ होते. बोटभर रुंद. वर्षानुवर्षं काही बांधल्यासारखे. तेवढ्या जागी केससुद्धा नव्हते." त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "पाखरू कायमचं सोडायचं, तर आपण वाद्या कापतो. पायात ठेवल्या, तर ते सोडलेलं नसतं. नुसतं उडायला दिलेलं असतं... म्हणून विचारतो. गेले का वळ?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता. नाझ्मिये गुणगुणत होती. कितीतरी दिवसांनी.

तेवफिकनं पाय मांडीखाली ओढून घेतले. सकाळीच पाहिलं होतं त्यानं. वळ गेले नव्हते. ओलं चामडं सुकताना आवळत जावं, तसे रोज थोडे थोडे आत जात होते.

"गेले," तो म्हणाला. "कधीच गेले."

इद्रिसनं डोळे मिटले. छातीत कोंडलेला श्वास त्यानं हळूहळू सोडला.

"मग जातात," तो पुटपुटला. "वेळ लागतो, पण जातात..."

"इद्रिस, जेवल्याशिवाय जायचं नाही हं!" आतून नाझ्मियेनं हाक दिली.

"जेवतो, ताई!" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. बसल्या बसल्या तो वाकला आणि पायातले लोकरीचे मोजे वर ओढू लागला. डाव्या मोज्याच्या काठातून चामड्याचं एक टोक बाहेर आलं होतं. बोटभर लांब, नवंकोरं, अजून ओलं. इद्रिसनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. सदऱ्याचं टोक खोचावं तसं अंगठ्यानं ते आत सारलं आणि उठून हात धुवायला गेला.