गोदूआत्याचे दोन गोल

त्या मंगळवारी नेहमीचे डॉक्टर रजेवर होते, म्हणून वृंदाच्या बाबांना एका तरुण डॉक्टरांनी तपासलं. बरगडीखाली बोटं रोवून ते जरा थांबले. वृंदाला पुढचा प्रश्न पाठ होता. बाबांना मधुमेह आणि यकृतही सुजलेलं. आजवर तिघा डॉक्टरांनी विचारलं होतं, किती घेता? बाबांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. पण कलकत्त्यात मराठी घरं ती किती... कुजबुज पसरली, वृंदाचं ठरत आलेलं लग्न फिसकटलं, आणि बाबांनी तिथल्या मराठी मंडळात जाणं सोडलं.

"बहिणी किती तुम्हाला?" डॉक्टरांनी चक्क मराठीत विचारलं.

बाबा बघतच राहिले. "दोन."

डॉक्टर चारुदत्त आपटे कलकत्त्याच्या बागबाजारातच लहानाचे मोठे झालेले. मधुमेह पुष्कळांना असतो, मग यकृत काहींचंच का बिघडतं, ते घराण्यातून येतं का, हे ते शोधत होते. त्यांनी कागदावर खुणा काढल्या. पुरुष चौकोन, बाई गोल. साखर असेल तर डावी बाजू काळी, यकृत बिघडलं असेल तर उजवी. बाबांचा चौकोन सगळाच काळा झाला.

"नातेवाइकांना पत्रं लिहाल?" ते वृंदाला म्हणाले. "बायकांचीही माहिती हवी."

"आमच्या वंशावळीत बायका नसतात, डॉक्टर."

"मग मी अर्ध्याच घराण्याचा अभ्यास करू?"

तिने पत्रं लिहिली. उत्तरं दवाखान्याच्या पत्त्यावर येत, आणि दर मंगळवारी ती बाबांबरोबर जाई. हल्ली सोमवारीच तिला प्रश्न पडायचा – उद्या कोणती साडी?

एका मंगळवारी चारुदत्त मान खाली घालून बसले होते. बाबा तपासणीसाठी रक्त द्यायला आत गेले होते.

"जुळत नाही," ते म्हणाले. "बाबा सांगतात, बहीण गोदू, तिला साखर. वर्ध्याहून भाच्याचं पत्र आलं, आई प्रेमलता, तिचं यकृत सुजलंय. म्हणजे साखर एकीला, आणि यकृत दुसरीचं."

वृंदाने कागद ओढून घेतला, आणि तिला हसू आवरेना.

"यात हसण्यासारखं...?"

"गोदूआत्याचंच सासरचं नाव प्रेमलता. धाकट्या शकुनआत्याचं पत्र अजून यायचंय. लग्नात नाव बदलतात, ठाऊक नाही?"

"आमच्या गल्लीत सगळे बंगाली. तिथे नाही बदलत." ते ओशाळले. मग हळूच म्हणाले, "या आत्या... कधी घेतात...?"

"एकादशीला चहासुद्धा घेत नाही."

त्यांनी दोन्ही गोल खोडले, एकच काढला आणि पूर्ण काळा केला.

"एका आत्याने सिद्ध काही होत नाही. पण बाबांना दाखवा."

बाबा आले. कागदावरच्या काळ्या गोलावर त्यांनी बोट ठेवलं. "गोदू," एवढंच म्हणाले. मग चष्मा पुसत, "यंदा गणपतीला मंडळात जाऊ," आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

"माझ्यातही असेल हे," वृंदा म्हणाली.

"असेल. माझ्या आईलाही साखर आहे. घराण्यातून कल येतो, निकाल नव्हे. ताटाकडे लक्ष ठेवायचं... दोघांनी ठेवलं तर सोपं जातं."

त्यांनी नवा चौकोन काढला, खाली स्वतःचं नाव लिहिलं. शेजारी एक गोल. पेन्सिल तिथेच घुटमळली.

"इथे नाव... काय लिहू?"

"वृंदा," ती म्हणाली. "आणि लग्नातही हेच ठेवा. नाहीतर पुढचा डॉक्टर मला दोनदा मोजायचा."