डाव्या बाजूचा ब्रेक

वीज येईपर्यंत बसायचंच आहे, तर बसा. शेगडीतले कोळसे जरा हलवा रे कुणीतरी. आणि त्या दाराकडे पाठ करून बसू नका. का म्हणून विचारू नका.

मुचेमीला तुम्ही ओळखता. वरच्या गल्लीतला मिस्त्री. आता पोट सुटलंय त्याचं, पण तेव्हा काठीसारखा होता आणि किआरी मास्तरांच्या मुलीवर, न्याकिओवर, जीव टाकून बसला होता. मास्तर घाटाखाली नैवाशाला राहायचे. त्यांच्याकडे एक जुनी जपानी गाडी होती, दोन दारांची, लाल, कधीकाळी शर्यतीत पळालेली. मास्तर तिला पोटच्या पोरीसारखं जपायचे. न्याकिओ म्हणायची, "माझ्यापेक्षा जास्तच."

तर त्या गाडीचा ब्रेक बूस्टर गेला, म्हणजे इंजीनच्या ओढीनं हवा खेचून पायाला जोर देणारा तो गोल डबा. पेडल दाबलं की फुस्स आवाज यायचा आणि पेडल लाकडासारखं कडक. दोन्ही पाय लावून उभं राहिलं तर गाडी थांबणार, तीही मन झालं तर. मास्तरांनी कशीबशी गाडी वर आपल्या लिमुरूला मुचेमीच्या दारात आणली आणि म्हणाले, "शनिवारी सकाळी तुझी वडीलधारी माणसं माझ्या घरी बोलणी करायला येणार. त्याआधी ही गाडी माझ्या अंगणात हवी. घाट उतरून. तू चालवायची, मी बसणार. ज्याच्या ब्रेकवर मला विश्वास नाही, त्याच्या हाती पोरगी देणार नाही."

मुचेमी म्हणाला, "मास्तर, तसला बूस्टर मिळायला हवा ना."

"मिळव. प्रेम आहे ना?"

शुक्रवारी दुपारी मुचेमी गाथोनी मावशीच्या भंगारात गेला. मावशीकडे सगळं मिळायचं. तशीच एक गाडी कुंपणापाशी पडलेली होती, चौदा वर्षं. उजवी बाजू ठीक होती. डावी बाजू... डावी बाजू नव्हतीच.

"ही गिथुकूची," मावशी शेंगा सोलत म्हणाली. "म्हणजे चालवणारा दुसरा होता. गिथुकू शर्यतीत शेजारी बसून रस्ता सांगायचा. भारी भित्रा. दर वळणाला आपल्या बाजूचा पत्रा पायानं दाबायचा, जसा काही तिथं ब्रेकच आहे. त्या रात्री घाटात तो ओरडत होता, थांब, थांब. आणि चालवणारा काय म्हणाला माहितीये? गाडी तू चालवतोस की मी?"

"मग?"

"मग काय. चालवणारा जगला, त्यानंच सांगितलं हे."

मावशीनं शेंगांची टरफलं झटकली. "बूस्टर ने. पण काढायच्या आधी आत बस आणि पेडल दगडासारखं होईपर्यंत दाब. रीत माहितीये ना तुला?"

रीत सगळ्या मिस्त्र्यांना माहीत असते. मेलेल्या गाडीचा ब्रेक काढायचा तर तिचा शेवटचा ब्रेक तिथंच पुरा करायचा. आतली हवा तिची, ती तिथंच सोडायची. तुमच्यातला जो गॅरेजात जातो त्यानं कान उघडे ठेवा.

पण चालवायच्या सीटवर कोंबडी बसली होती. अंड्यांवर.

मुचेमीनं तिला हात लावला, तिनं त्याच्या बोटाचं सालटं काढलं. "उठवू नकोस तिला," मावशी ओरडली, "आज-उद्या पिल्लं निघतील! दुसऱ्या बाजूनं बस."

"मावशी, दुसरी बाजू कुठंय?"

शेवटी मुचेमीनं पालथं पडून, खालूनच हात घालून नट सोडले. पेडल दाबलंच नाही. आत धूळ जाऊ नये म्हणून डब्याच्या नळीवर रबराचं टोपण घट्ट बसवलं. नीटनेटका माणूस ना तो. त्या नीटनेटकेपणानंच घात केला.

संध्याकाळी गॅरेजात त्यानं टोपण काढलं.

डब्यानं श्वास घेतला.

सोडला नाही. घेतला. मोठ्ठा, आत, जसा माणूस ओरडायच्या आधी घेतो तसा. चौदा वर्षांनी डब्यात पोकळी टिकून राहणं शक्यच नाही, हे मुचेमीला पक्कं माहीत होतं. त्यानं स्वतःला समजावलं, माल जुना पण दणकट. आणि बसवला.

तेल भरलं, नळ्यांमधली हवा काढली. मग तपासणी. इंजीन बंद ठेवून पेडल दाबत राहायचं, ते कडक होतं. मग पाय तसाच ठेवून इंजीन चालू करायचं. पेडल जरासं खाली गेलं की बूस्टर चांगला. मुचेमीनं पाय ठेवला. चावीकडे हात नेला.

चावी फिरवायच्या आधीच पेडल खाली गेलं.

"पाय थकलाय माझा," मुचेमी मोठ्यानं म्हणाला. एकटाच होता तो गॅरेजात.

निघायला रात्रीचे नऊ वाजून गेले. ऑगस्टमधला दुसरा शुक्रवार. लिमुरूचं धुकं तर तुम्हाला सांगायला नको, स्वतःचं नाक दिसत नव्हतं. मास्तर कोट घालून आले आणि थबकले. पुढच्या डाव्या सीटवर, पोत्यावर, पट्टा बांधून शेळी बसली होती.

"ही कोण?"

"बोलणी करताना मुलीकडे द्यायची पहिली शेळी, मास्तर. सकाळच्या गाडीचा कंडक्टर घेत नाही म्हणाला."

"मी शेळीच्या मांडीला मांडी लावून बसू? सौदा ठरायच्या आधी तिची-माझी ओळख नको. मी मागं बसतो. आणि खाली नवा गालिचा घातलाय मी, तिनं काही केलं तर लग्न मोडलं समज."

मास्तर मागच्या चिंचोळ्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसले. गाडी निघाली.

पहिलं वळण आलं. मुचेमी ब्रेकवर पाय ठेवणार, तेवढ्यात गाडी हळू झाली. आपोआप.

"शाबास," मागून मास्तर म्हणाले. "वळणाच्या आधी ब्रेक. माझ्या वर्गातल्या एकालाही हे जमलं नाही."

मुचेमीचा पाय अजून हवेत होता.

दुसरं वळण. पुन्हा तेच. पायाखालचं पेडल स्वतःच खाली गेलं, आणि डब्यातून आवाज आला. स्स्स. आत ओढल्यासारखा. मुचेमीनं मिस्त्र्याच्या डोक्यानं विचार केला, आतला व्हॉल्व अडकला असेल. होतं असं. व्हॉल्व अडकला की ब्रेक आपोआप लागतात.

पण अडकलेल्या व्हॉल्वला वळण कधी येतंय हे कसं कळतं?

शेळीकडे त्याची नजर गेली. ती दाराला चिकटली होती. चारही पाय पोटाशी ओढून. आणि खाली बघत होती. गालिच्याकडे. पापणी न हलवता.

"मुचेमी," मास्तरांचा आवाज झोपाळलेला होता. "तुझ्या दोस्ताला सांग, सारखा पुढं वाकू नको. मला रस्ता दिसत नाही."

"मास्तर... पुढं शेळी आहे."

"शेळी कळते मला. शेळीच्या वरचा."

मुचेमीनं मान वळवली नाही. वळवताच येईना. आरशात बघायचीही छाती होईना.

"मास्तर, झोप लागली होती का तुम्हाला?"

मग मास्तर म्हणाले, हळू, "लागली असावी... असं समजू."



घाटाचा मधला टप्पा आला. तिथं रस्ता सरळ आहे थोडा. डावीकडे कठडा, कठड्यापलीकडे काही नाही. खालच्या दरीतले दिवेही त्या रात्री नव्हते. आणि तिथं, सरळ रस्त्यावर, गाडी कचकन थांबली.

मुचेमीनं ॲक्सिलरेटर दाबला. इंजीन ओरडलं. गाडी जागची हलली नाही.

पुढं काही नव्हतं. झाड पडलेलं नव्हतं. ट्रक नव्हता. रस्ता खचला नव्हता. तो खाली उतरून हातानं चाचपून आला. नुसता रस्ता, ओला, रिकामा.

मागून एखादा ट्रक धुक्यातून आला असता तर? गाडी, मास्तर, शेळी, सगळं त्या कठड्यापलीकडे. आणि सकाळी न्याकिओ अंगणात उभी.

मुचेमी आत बसला. हँडब्रेक ओढला. इंजीन बंद केलं.

जे दुपारी करायचं होतं ते आता. पेडल दाबायचं. दगड होईपर्यंत.

दाबलं. स्स्स.

दाबलं. स्स्स.

पेडल मऊच. जेवढं तो दाबत होता, तेवढं कुणीतरी त्याच्याबरोबर दाबत होतं. डावीकडून पत्र्याचा आवाज येत होता. टक. त्याच्या प्रत्येक दाबाबरोबर. टक.

शेळी दाराला आणखी चिकटली.

"मुचेमी," मागून मास्तर कुजबुजले. "तो ऐकतोय का?"

"कोण?"

"मला कशाला विचारतोस? मी झोपलोय."

मुचेमीला मावशीचे शब्द आठवले. गाडी तू चालवतोस की मी? कुणी कधी त्या माणसाचं ऐकलंच नव्हतं. ओरडत ओरडत गेला बिचारा.

मुचेमीनं दोन्ही हात स्टीअरिंगवरून काढले. मांडीवर ठेवले. डावीकडे न बघता म्हणाला, "गिथुकू दादा. तू म्हणशील तिथं थांबतो."

मुचेमीनं पेडलवरचा पायही काढला.

"सरळ रस्त्यावर थांब म्हणालास, तरी थांबतो. का म्हणून विचारणार नाही."

धुकं काचेला चिकटलेलं. इंजीनचा गरम पत्रा कुठंतरी टिचला.

मग डब्यातून हवा सुटली. पहिल्यांदाच बाहेर. लांब... फार लांब... माणसाचा एवढा मोठा श्वास नसतो.

मुचेमीनं पेडलवर पाय ठेवला.

दगड.

उरलेला घाट त्यानं बैलगाडीच्या चालीनं उतरला. डावीकडून टक आवाज आला की थांबायचा. वळणाला थांबायचा. पुलाला थांबायचा. एकदा एक ससा आडवा गेला, तो गेल्यावरही बराच वेळ थांबून राहिला. मागून मास्तर एवढंच म्हणाले, "मीही शाळेत तीस वर्षं थांबा थांबा म्हणत होतो. कुणी ऐकलं नाही."

नैवाशाला पोचले तेव्हा कोंबडे आरवत होते.

दहा वाजता वडीलधारी मंडळी जमली. चहा झाला, बटाटे-मटार कुटून केलेलं मुकिमो झालं. मुचेमीचे काका बोलायला उठणार, तेवढ्यात मास्तरच उठले. म्हणाले, "मला काही विचारायचं नाही. हा मुलगा वळणाच्या आधी थांबतो. वळण नसतं तिथंही थांबतो. सांगणाऱ्याला 'तू कोण' असं म्हणत नाही. माझी पोरगी सांगणारीच आहे. दिली."

न्याकिओ दाराआडून म्हणाली, "बाबा, हे कौतुक आहे की तक्रार?" सगळे हसले. बायकांनी आनंदानं किलकाऱ्या मारल्या. मग शेळी आणा शेळी आणा म्हणत मंडळी अंगणात गेली.

मास्तरांच्या थोरल्या भावानं गाडीचं डावं दार उघडलं. पट्टा सोडताच शेळी त्यांच्या अंगावरून उडी मारून जी पळाली ती थेट केळीत. भाऊ आत डोकावले. सीटवर पोतं होतं, पोत्यावर चार खुरांचे ठसे, चारही दाराकडच्या कोपऱ्यात. खाली गालिच्यावर एकही नाही.

खाली गालिचा फाटला होता. नुकताच घातलेला, कोरा गालिचा. फाटलेल्या जागी पत्रा दिसत होता, आणि पत्रा खाली दबला होता, खोल. टाच. तळवा. बोटांकडची बाजू पुढं रेललेली.

भाऊ मोठ्यानं हसले. "अरे मुचेमी, शेळीला बूट घातले होतेस काय रे?"

सगळं अंगण हसलं. मुचेमीनं मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर हसत नव्हते. ते गुडघ्यावर बसून बोटानं तो ठसा मोजत होते. उजव्या पायाचा होता, ब्रेकवर ठेवतात त्या. एकाच.