हळदवाल्याचा बिल्ला

बिल्ला पळवला तर उदयसिंहाला चाळीस हजार सुटणार होते. हा हिशेब त्याच्या चुलत्यानं, लालासाहेबांनी मांडला, पुतण्याला सांगलीच्या घरातून काढलं आणि मग संयोगिताला बोलावलं. निकाल आधी, तपास नंतर.

संयोगिता खाजगी गुप्तहेर. सोबत भाऊसो, निवृत्त हवालदार, हुकमाला पक्का, तर्काला सुस्त.

"महायुद्धात सुटं पैसं मिळंनात," लालासाहेब म्हणाले. "तवा इथल्या एका हळदीच्या अडत्यानं दुकानापुरतं पितळी बिल्लं पाडलं. एका अंगाला 'एक पैसा', दुसऱ्या अंगाला लक्ष्मी. त्यातला एकच उरलाय, माझ्याकडं. उद्या पुण्याचा संग्राहक चाळीस हजार दिऊन न्यायला येणार. त्याच पैशात मिरजेला माझ्या बायकोच्या, लीलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं हाय."

त्यांनी डबी उघडली. आत लखलखीत बिल्ला.

"माझा काळपट हुता, ऐंशी वर्सांचा. ह्यो नकली."

"कपाटाचं कुलूप?"

"शाबूत. एक किल्ली माझ्याकडं, एक देवघरात."

लालासाहेबांच्या वहीत नोंद होती: 'लक्ष्मीच्या पायाशी खोल खाच.'

उदयसिंह फोनवर एवढंच बोलला, "नकली करायला आधी खरा हातात पायजे. काका कवा हात लावू देत्यात का?"

मोलकरीण बनुबाई मोरीत भांडी घासत होती. देवघरातली समई झळकत होती.

"ही तुम्हीच घासली?"

"न्हाई वं. देवाचं पितळ आक्का, आमच्या मालकीणबाई, सोता घासत्यात, चिंच लावून. दुसऱ्याचा हात चालत न्हाई."

संयोगितानं सगळ्यांना देवघरापाशी बसवलं आणि बिल्ला भिंगाखाली धरला.

"खाच आहे. तिच्या तळाशी जुना काळेपणाही आहे, तिथं बोट पोचलं नाही. बिल्ला खराच आहे. बदलला नाही, घासलाय. त्याच्यावर लक्ष्मी, म्हणजे तो देवाचा. आणि या घरात देवाचं पितळ घासणारा हात एकच."

लीलाबाईंनी पदर सावरला. "पाव्हणं बघाय येनार. लक्ष्मी तसल्या मळक्या तोंडानं दावायची व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?" लालासाहेब पुटपुटले.

"तुमी चोरी झाली म्हनला. मला वाटलं, मी घासून ठिवल्यावर कुनी तरी न्येला, डबी रिकामी हाय. मला कुनी इचारलंच न्हाई."

"झालं की मग," भाऊसो खूश झाला. "चकाकी आली, भाव वाढंल."

"जुन्या बिल्ल्याची किंमत त्या काळेपणात असते, भाऊसो. आता कुणी चारशे दिले तर खूप."

लालासाहेबांनी पुतण्याला फोन लावला. दोनदा कट झाला. तिसऱ्यांदा लागलाच नाही.

संयोगितानं फी घेतली नाही. चोर निघाला नाही, म्हणून कुणाकडून भरपाईही नाही. खर्ची पडलं ते एवढं: लिंबाएवढी चिंच, एक पुतण्या, आणि लीलाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्या भिंत धरून उठल्या, समईची वात सारखी करायला.