शेवटची निरोगी प्रत

त्या काळी आपल्या देशात सत्तर हजार माणसं कानामागे बसवलेल्या एका चकतीच्या आधाराने आठवत होती. चकतीचं नाव स्मृतिसेतू. म्हातारपणी काही मेंदूंना जुनं सगळं लख्ख आठवतं, पण नवं साठवता येत नाही. सकाळचा चहा दुपारपर्यंत पुसला जातो. सेतू ते नवं साठवायचा आणि मेंदू मागेल तेव्हा परत द्यायचा. चकती बिघडली तर पंचाईत नको म्हणून दर पंधरा दिवसांनी त्यातल्या आठवणींची एक प्रत दूरच्या साठवणगृहात जमा व्हायची. नातवाला न ओळखणारे आजोबा आता त्याला निकालावरून टोमणे मारू लागले होते. घराघरांत आनंद होता आणि तो खराच होता, हे आधीच सांगून ठेवतो.

नाशिकरोडचे किशोर दोंदे त्यांच्यातलेच. पस्तीस वर्षं त्यांनी पाणीखात्यात व्हॉल्व्हमन म्हणून काढली. दुरुस्तीसाठी पाणी बंद करायचं असलं की ते आधी स्वतःच्या गल्लीची चावी बंद करत, मग दुसऱ्यांची. त्यामुळे त्यांना कोणी कधी शिव्या दिल्या नाहीत.

त्यांची मुलगी ऋतुजा संयुक्त सायबर रक्षा मंडळाच्या भारतीय कक्षात अधिकारी होती. हे अकरा देशांनी मिळून चालवलेलं सरकारी मंडळ. यंत्रांचा रोग एका देशाला कळला की बाकीच्या दहांना कळवायचं, लागण झालेलं जाळं तोडायचं आणि सामान्य लोकांना सावध करायचं, ही त्याची कामं. एक रीत मात्र कडक होती. निर्णय अकरा देश मिळून घेत, पण खटका ज्याच्या त्याच्या देशाचा अधिकारी स्वतःच्या हाताने दाबे. नाहीतर शेजाऱ्याने आमचा दिवा विझवला म्हणून भांडणं जुंपली असती.

लोकांना सावध करण्याचं काम ऋतुजाच्या आवडीचं. यंत्रं कोणाचाही आवाज, चेहरा, हस्ताक्षर हुबेहूब उतरवत, आणि ‘तुमच्या बायकोला अपघात झालाय’ असं कळवून भामटे म्हाताऱ्यांना लुबाडत. ऋतुजाने मराठीत साधा नियम लिहिला: वाईट बातमी कोणाच्याही तोंडून आली, कोणाच्याही अक्षरात आली, तरी ती ज्याच्याबद्दल आहे त्यालाच आधी फोन लावा. कागद तिने घरच्या फ्रिजवर चिकटवला आणि पप्पांकडून नियम घोटून घेतला. ती मुद्दाम म्हणायची, आई जिन्यावरून पडली. पप्पा लगेच फोन काढायचे, आणि त्यांच्या शेजारीच भाजी निवडत बसलेल्या वंदनाबाई फोन उचलून म्हणायच्या, ‘आहे हो, जिवंत आहे.’

मग एका सप्टेंबरच्या दोन तारखेला वंदनाबाई हृदयविकाराने गेल्या. पप्पा तीन दिवस जेवले नाहीत. वर्षभराने ते पुन्हा फिरायला जाऊ लागले, आणखी वर्षाने तिच्या आठवणी हसून सांगू लागले. दुःख पचवायलाही आठवण लागते, आणि ती त्यांना सेतूने पुरवली. आईचा फोन ऋतुजाने चालू ठेवला. मेलेल्या माणसाचा नंबर भामट्यांच्या हाती पडू नये म्हणून तो पाच वर्षं सोडू नका, असं मंडळच सांगत असे. रोज चार्ज करून ती तो आईच्या कपाटात ठेवायची. खरं सांगायचं तर मंडळाने सांगितलं नसतं तरी तिने तो ठेवला असता.

तिसऱ्या वर्षी कोलंबो कक्षाच्या निलंतीला सेतूंमध्ये रोग सापडला. सगळ्या चकत्या आतून एकमेकींशी जोडल्या गेल्या होत्या आणि कोणाच्या तरी इशाऱ्यावर वीजकेंद्रं, इस्पितळं बंद पाडायच्या तयारीत होत्या. उपाय एकच होता. चकत्या पूर्ण पुसायच्या आणि साठवणगृहातली शेवटची निरोगी प्रत त्यांत भरायची. निलंतीने रोग शिरल्याचा दिवसही शोधला होता. तीन वर्षांपूर्वीचा वीस ऑगस्ट. त्याच्या आधीची निरोगी प्रत होती पंधरा ऑगस्टची.

ऋतुजाने तारीख वाचली आणि भर बैठकीत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा ऑगस्टला आई होती. सप्टेंबरमधली एखादी प्रत साफ करता येईल का, असं तिने विचारून पाहिलं. निलंती म्हणाली, मी तीनदा तपासलं, माझी मावशीही यात आहे. अकराही देशांनी होकार दिला. भारताचा खटका ऋतुजाने दाबायचा होता. तो सहकाऱ्यावर सोपवता आला असता, पण ती वडिलांची मुलगी होती.

आदल्या दिवशी तिने पप्पांना सगळं सांगितलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

“म्हणजे मेन लाइनीतच घाण आलीय,” ते म्हणाले. “मग धुवायलाच लागणार.”

“पप्पा, तेवढा एक दिवस बाजूला काढून ठेवता आला असता तर मी काहीही केलं असतं. पण रोग आठवणींत पार विरघळलाय.”

पप्पांनी टेबलावरचं पेन उचललं. मग म्हणाले, “पाणी बंद करायच्या आधी आम्ही सांगून यायचो. लोक भरून ठेवायचे. मीही भरून ठेवतो. तुला परत तोंडाने सांगायला नको.”

त्यांनी कागद घेतला आणि स्वतःला चिठ्ठी लिहिली. ‘किशोर, वंदना दोन सप्टेंबरला गेली. तू जवळ होतास. फार त्रास झाला नाही तिला. तुझं रडून झालंय. पोरीला छळू नको.’ खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ऋतुजाने खटका दाबला. वीजकेंद्रं वाचली, इस्पितळं वाचली. ती दुपारी घरी आली तेव्हा पप्पा ताजेतवाने दिसत होते. तिने चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती दोनदा वाचली. चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांची नजर फ्रिजवरच्या कागदाकडे गेली आणि हळूहळू त्यांचा जीव थाऱ्यावर आला.

“अक्षर अगदी माझं आहे,” ते म्हणाले. “पण हे मी लिहिलेलं नाही.”

ऋतुजाने सांगितलं की ते खरं आहे, मधली तीन वर्षं धुतली गेली आहेत. पप्पांना ती गोष्ट भामट्यांच्या गोष्टींसारखीच वाटली. त्यांनी मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“तुलाही कोणीतरी फसवलंय बघ. कोणाच्याही तोंडून आली तरी, असं तूच लिहिलंयस ना?”

तिने त्यांचा हात धरायच्या आत त्यांनी नंबर लावला. आतल्या खोलीत, कपाटात, फोन वाजू लागला.

पप्पांचा चेहरा उजळला.

“ऐक,” ते म्हणाले, “घरातच आहे ती. हात पिठात असतील. उचलेल आत्ता.”

आणि फोन कानाला लावून ते वाट बघत उभे राहिले.