एका चुणीची अंगठी

वामन वेदपाठकांनी डोळ्याला भिंग लावून मेणाच्या अंगठीच्या आतल्या चुण्या पाचव्यांदा मोजल्या. पाचव्यांदाही एकच भरली. मोजायला एकच वस्तू असली की चुकायची सोय राहत नाही.

"तृप्तीबाई, यंत्र बिघडलंय तुमचं."

'आजन्म अलंकार' कंपनीच्या कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत आराखड्याचं काम डॉ. तृप्ती खटावकर पाहत. संगणक दागिन्याचा आराखडा काढी, यंत्र त्याचं मेणाचं रूप घडवी आणि गुजरीच्या सराफ पेठेतले वेदपाठकांसारखे पिढीजात सोनार ते सोन्यात उतरवत. कंपनी त्यांना जाहिरातीत 'परंपरा' म्हणे आणि कामाच्या तक्त्यात 'टप्पा चार'.

"बिघडलेलं नाही, काका. अस्थिवाचक बोटातलं हाड आणि रक्तवाहिन्या वाचतो. पुढं दर वर्षी बोट किती जाड होईल, सांधा किती सुजेल, ते त्यातून कळतं. त्या त्या वर्षासाठी अंगठीच्या आत एकेक चुणी. बोट वाढलं की चुणी उलगडते. म्हणून अंगठी जन्मभर घट्ट होत नाही."

"ते पाठ आहे मला. पंचविशीतल्या पोरीला पन्नास-साठ चुण्या येतात. माझ्या केतकीला एक?"

तृप्तीबाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"यंत्राला नाव, वय काही विचारायची कायद्यानं बंदी आहे. त्याला फक्त बोट कळतं. मरण त्याला कळत नाही. बोट बदलायचं थांबलं की ते चुण्या थांबवतं. उगाच सोनं वाया नको म्हणून."

"चुकलंय कधी?"

"अकरा हजार अंगठ्यांत दोनदा."

वामनरावांच्या जिवात जीव आला.

"दोघंही चुण्या संपायच्या आधीच गेले. रस्त्यावरचे अपघात होते. ते बोटात दिसत नाहीत."

कमी चुण्यांच्या ग्राहकांसाठी कंपनीनं घडणावळीत सूट ठेवली होती. तृप्तीबाईंनी त्या सवलतीचा फॉर्म टेबलावरून हळूच खाली सरकवला.

"मग तुम्ही काढा की कॉम्प्युटरवर पन्नास चुण्या! तुमचं काय जातंय?"

"आराखड्यात शंभर काढीन, काका. बोटात कुठून आणू?"

केतकी चेन्नईला नोकरीला होती. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि वामनरावांची लेक वर्षभरात जाणार होती. त्यांनी दोन दिवस कुणाला काही सांगितलं नाही. आचाऱ्याशी जिलेबी की बासुंदी यावर हुज्जतसुद्धा घातली. मग अनवाणी अंबाबाईला गेले आणि गाभाऱ्यासमोर, मागच्या बाईनं "अहो, सरका पुढं" म्हणेपर्यंत, एकच मागणं मागत राहिले: माझी असतील नसतील ती वर्षं तिला घाल. तिची मला दे.

बुधवारी केतकी आली. फेरतपासणीसाठी ते तिला थेट प्रयोगशाळेत घेऊन गेले. 'बोट जरा नीट बसवायचंय' एवढंच सांगून.

तिनं अनामिका अस्थिवाचकात घातली. यंत्र गुणगुणलं. पडद्यावर चुण्या उमटू लागल्या. दहा, वीस, चाळीस. एकसष्टवर थांबल्या.

तृप्तीबाई पडद्याकडं बघतच राहिल्या. "मग पहिलं माप कुणी दिलं?"

"मी नाही," केतकी म्हणाली. "मी तर चेन्नईत होते. अप्पांनी दिलं असेल. त्यांना कशाला लागतंय माझं बोट? लहानपणापासून माझ्या सगळ्या अंगठ्या स्वतःच्या करंगळीवरच बेततात. एकदाही चुकली नाही."

वामनरावांनी आपल्या डाव्या करंगळीकडं पाहिलं. कंपनीनं माप घ्यायला असाच एक अस्थिवाचक पेढीवर पाठवला होता. 'ग्राहकाचे बोट ठेवा' असं तो बोलला आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी करंगळी ठेवली होती. माप देणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ.

तृप्तीबाईंचा चेहरा उतरला. वामनराव मात्र खो खो हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अंबाबाईनं इतक्या तातडीनं कुणाचं काम केल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

"काय झालं, अप्पा?"

"काही नाही. यंत्राला म्हाताऱ्याचं बोट दाखवलं, ते घाबरलं." तृप्तीबाई काही बोलणार, तोच त्यांनी भुवई उंचावून त्यांना गप्प केलं. "एकसष्ट चुण्यांचं मेण बाजूला ठेवा, बाई. ही अंगठी मी हातानं करतो. तुमच्या आराखड्याशिवाय."

गुजरीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: वेदपाठकांच्या अंगठीचा सांधा फक्त वेदपाठकांनाच सापडतो. अंगठी घट्ट झाली की ती सांध्यावर कापून वाढवावी लागते. म्हणून त्यांचं गिऱ्हाईक जन्मभर त्यांच्याच पायरीवर परत येई. सांधा झाळून जोडायचा आणि असा बेमालूम उजळायचा, की भिंगालाही दिसू नये, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. वडिलांना आजोबांनी.

हळदीच्या आदल्या दिवशी केतकीनं अंगठी बोटात घातली आणि उजेडात धरली.

"अप्पा, हे काय! सांधा दिसतोय की!"

"दिसू दे."

"अहो, वेदपाठकांची अंगठी ही! गुजरीत नाक कापलं जाईल."

वामनराव हत्यारं पुसून एकेक करून पेटीत ठेवत होते.

"चेन्नईत सोनार असतील ना गं?" त्यांनी विचारलं. "त्यांना सापडला पाहिजे."