चिमणीचा कानठसा

टोप म्हशीच्या शिंगांत अडकला.

तो कुठल्याशा थंड देशात, बिनशिंगांच्या गाईंसाठी बनवलेला होता. पूरग्रस्तांच्या पुनर्वसन योजनेतून तो खिदरेवाडीला आला, कारण मागणी ‘जनावर’ एवढीच होती आणि शिंगांचं कुणी विचारलं नव्हतं. मिरजेहून आलेल्या डॉ. शाहीन मुजावर यांनी थोडा विचार केला, करवत मागवली आणि टोपाचे सरळ दोन तुकडे करून ते रबरी पट्ट्यांनी शिंगांच्या दोन्ही बाजूंना बांधले. ‘उपकरण उघडू नये’ ही सूचना छापलेला भाग नेमका करवतीखाली गेला, त्यामुळे सूचनेचा भंग झाला असं कुणाला म्हणता येणार नव्हतं.

“बाई, म्हशीला शॉक-बिक बसनार न्हाई न्हवं?” दूध संस्थेचे चेअरमन रावसाहेब खोत यांनी विचारलं.

“हा टोप काही देत नाही. नुसता ऐकतो.”

“म्हंजी आमच्या सभासदांच्या उलटं,” चेअरमन म्हणाले आणि निर्धास्त झाले.

खिदरेवाडीची दूध संस्था महिलांची होती. म्हणजे वैरण, शेण, पाणी आणि धारा हे महिला बघत, आणि वार्षिक सभेतली भाषणं पुरुष करत. कृष्णेला महापूर आता एक-दोन वर्षांआड येई, आणि येण्याआधी फोनवर कळवून येई. माणसं वेळेत हायस्कूलच्या इमारतीत हलत. जनावरं तेवढे दिवस टेकावरच्या सामाईक गोठ्यात असत, तिथवर पाणी चढत नसे. या खेपेलाही चढलं नाही. पण धारा न काढल्यामुळे म्हशींच्या कासा तटतटल्या आणि त्यांचं रेकणं पाण्यावरून हायस्कूलपर्यंत येऊ लागलं. पुरुषांनी ते ऐकलं आणि उद्या बघू म्हणाले. बायकांना ऐकवेना. त्यांनी नाव काढली. ती मध्यावर उलटली.

म्हशी वाचल्या. त्यांच्या धारा काढणाऱ्या गेल्या.

पुढचं संकट कुठल्याच पंचनाम्यात बसणारं नव्हतं. म्हैस हे गाईपेक्षा मानी जनावर. ओळखीचा हात आणि ओळखीचा आवाज असला तरच ती पान्हा सोडते. रेडकू लागलं की तिला पान्हा येई, रेडकू बाजूला करून माणूस बसला की दूध वर चढे. याला दूध चोरणं म्हणतात. खिदरेवाडीच्या साऱ्या म्हशी दूध चोरू लागल्या. सुई टोचून पान्हा आणायला बंदी होती, आणि बंदी नसती तरी तसं दूध संघ घेत नव्हता. बाबगोंडा मगदूमांनी तर वारलेल्या बायकोचं पातळ नेसून, बांगड्या भरून पाहिलं. त्यांच्या चिमणीनं (एवढ्या अवाढव्य म्हशीचं नाव चिमणी ठेवणारी बाई म्हणजे त्यांची बायको आक्काताई) मान वळवून त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. निवडणुकीत पडलो तेव्हाही एवढा अपमान झाला नव्हता, असं बाबगोंडा म्हणत.

त्यात दुधाचा टँकर बिनड्रायव्हरचा. गावच्या टाकीत ठरलेली पातळी नसली की तो फाट्यावरूनच मागे वळे. पूर्वीच्या ड्रायव्हरला चहा पाजून थांबवता तरी यायचं. लागोपाठ महिनाभर टँकर असा वळला की संस्था बंद, असा नियम होता, आणि नियमही टँकरसारखाच बिनड्रायव्हरचा होता.

“आण्णा, पोलिसांकडे चित्रकार असतो बघा,” शाहीन बाबगोंडांना समजावत होत्या. “चोराला बघितलेल्या माणसाला समोर बसवतो. नाक असं? नाही, जरा लांब. असं? हां. असं करत करत चेहरा होतो. त्या माणसाला चित्र काढता येत नसतं, पण हे नाही, हे, एवढं सांगता येतं. चिमणीच्या मेंदूलाही तेवढं येतं. मी तिला आवाजावर आवाज ऐकवणार. जवळचा आला की तिचा मेंदू जरा उजळतो, टोपाला ते कळतं. मग त्याच्याजवळचा, मग त्याच्याही जवळचा.”

“आनि चोर कोन ह्यात?”

“आक्काताई.”

बाबगोंडा हसले. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि त्याचं काय करावं ते त्यांना कळेना.

नाण्यावर ठसा असतो, तसा रोज कानावर पडणाऱ्या आवाजाचा मेंदूत एक ठसा पडतो. शाहीन त्याला कानठसा म्हणत. ज्या आवाजावर म्हैस वर्षानुवर्षं पान्हा सोडते, त्याचा कानठसा सगळ्यांत खोल.

“एवढा खटाटोप कशाला? वास्तुशांतीच्या व्हिडिओत हाय की तिचा आवाज.”

व्हिडिओ लावला. त्यात आक्काताई पाहुण्यांना “जेवल्याबिगार जायचं न्हाई हं” म्हणत होत्या. चिमणीच्या मेंदूत काहीही हललं नाही.

“हा पाहुण्यांसाठीचा आवाज,” शाहीन म्हणाल्या. “चिमणी पाहुणी नव्हती.”

“माझ्यासाठीचा बी येगळा हुता.”

“कसा?”

“मोठा,” बाबगोंडा म्हणाले.

दोन दिवस यंत्रातून नुसती गुणगुण आली. तिसऱ्या दिवशी गोठ्यात, चाऱ्याच्या पेंढ्यांवर ठेवलेल्या डबीएवढ्या कर्ण्यातून, एक बाई अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “ये गं बाय. पाय घे. सोड, सोड माझ्या राणी.”

चिमणीनं दाराकडे मान वळवली. कास भरून आली. बाबगोंडा कर्ण्याकडेच बघत राहिले, आणि पहिल्या धारा बादलीऐवजी त्यांच्या धोतरावर गेल्या. पण दूध आलं. चेअरमननी टोपी काढून हातात घेतली आणि सत्कार नसताना टोपी काढायची ही आपली पहिलीच वेळ, हे लक्षात येऊन पुन्हा घातली.

रोज नव्यानं टोप बांधला, की ठशाचा आणखी थोडा भाग उमटे. जे चिमणीनं पुन्हापुन्हा ऐकलं होतं, तेवढंच. एक दिवस आवाज म्हणाला, “आमचं येडं उठलं न्हाई अजून. निजू दे. काल लई दमलंय.”

“रेडकाबद्दल बोलतायत,” शाहीन म्हणाल्या.

“व्हय. रेडकाचा लई लळा तिला.”

दुसऱ्या दिवशी आवाज म्हणाला, “आमचं येडं उठलं न्हाई अजून. चष्मा घालूनच निजलंय बघ.”

दारातून चेअरमननी विचारलं, “रेडकाला चष्मा हुता काय रं, बाबगोंडा?”

बाबगोंडांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. तो बराच मळला असावा, कारण खूप वेळ पुसला.

‘येडं’, ‘उठलं’ याला व्याकरणात नपुंसकलिंग म्हणतात. नवऱ्याच्या बाबतीत हा शब्द तितकासा बरा दिसत नाही, पण लहान लेकरू, रेडकू आणि फार जवळचं माणूस यांना आपल्याकडे एकाच लिंगात बसवतात. तोंडावर मात्र नाही. आक्काताईंनी संसारभर नवऱ्याला “आवो, ऐकतासा का” आणि “आवो, पिशवी घ्या” यापलीकडे हाक मारली नव्हती. ‘येडं’ होण्यासाठी बाबगोंडांना झोपेतच राहावं लागलं होतं, आणि ते म्हशीला सांगितलं जात होतं.

आठवड्यानं शाहीननी त्यांना बाहेर कट्ट्यावर बसवलं.

“आण्णा, हे असं फार दिवस चालत नाही. आवाज येतो, हात तुमचा लागतो, आणि बाई येत नाही. चिमणी दिवसभर दाराकडे बघत उभी असते. वैरण कमी केलीय तिनं. आता बदली करायला पाहिजे.”

“कसली बदली? तलाठ्याची असती तशी?”

“आवाजाची. ठसा बाहेर काढला की तो ओल्या मातीसारखा मऊ होतो, परत वाळेपर्यंत त्याला आकार देता येतो. आपण रोज आक्काताईंच्या आवाजात तुमचा आवाज थोडा थोडा मिसळायचा. शब्द तेच ठेवायचे. शेवटी ठसा तुमच्या आवाजाचा होईल. मग टोप नको, मी नको. तुम्ही बोललात की पान्हा.”

“आनि तिचा आवाज?”

“आतापर्यंत जेवढा निघाला तेवढा मी टिपून ठेवलाय. तो तुम्हाला देईन. चिमणीच्या आत अजून जे असेल ते मात्र जाईल.”

“म्हंजी चिमणी तिला इसरनार.”

“चिमणी विसरेल. तुम्ही थोडेच विसरणार?”

“मी काय इसरनार बाई? मला तर ह्यातलं ठावंच न्हवतं.”

शाहीन उठून टोप पुसू लागल्या.

टोप एव्हाना गावातल्या बाकीच्या म्हशींनाही बांधला जात होता, आणि त्यांच्या बदल्या सुरू झाल्या. चेअरमनांच्या म्हशीनं त्यांच्या मंडळींच्या आवाजात काय काय सांगितलं ते बाहेर आलं नाही, पण बदलीला चेअरमननी पहिल्याच दिवशी होकार दिला. बाबगोंडा मात्र उद्या म्हणत. रोज आक्काताईंच्या आवाजावर तांब्याभर धार काढत, कर्ण्याजवळ कान नेत, आणि उद्या म्हणत. चिमणीसारखी दुधाळ म्हैस गावात दुसरी नव्हती, तिच्यावाचून टाकी पातळीला पोचत नव्हती. टँकर फाट्यावर येई, क्षणभर थांबे आणि वळे.

“बाबगोंडा, गावाचं दूध गटारात ओततोय आम्ही,” चेअरमन गोठ्यात येऊन म्हणाले. “चार दिस ऱ्हायल्यात महिन्याला. बायका ज्या संस्थेपायी गेल्या, ती आता तुझ्या एका म्हशीपायी मोडायची काय?”

“आज कायतरी नवीन म्हनंल ती, रावसाब. तेवढं ऐकतो. उद्या करू.”

“परवाबी असंच म्हनलास.”

“परवा तिनं माझ्या खोकल्याचं काढलं हुतं. म्हशीला म्हनत हुती, काढा दिला तर पीत न्हाई, लेकरावानी फुर्र करतंय. काल अर्ध्यावरच थांबली. पुढं काय म्हनली ते नको का ऐकायला?”

चेअरमननी शाहीनकडे बघितलं. शाहीननी मान खाली घातली.

“पुढचं येणार नाही, आण्णा. मी सांगणार होते. मऊ झालेला ठसा नुसता ऐकल्यानंही झिजतो. कालपासून चष्म्याचं वाक्य पूर्ण येत नाहीये. तुम्ही जितकं ऐकाल तितकं ते जाईल.”

त्या दिवशी आवाज “आमचं येडं” म्हणाला आणि पुढे नुसती खरखर झाली. चिमणीनं दाराकडे मान वळवली. कुणी आलं नाही. ती रेकली, पुरात रेकली होती तशी. बाबगोंडा पुराच्या वेळी हायस्कूलमध्ये ते ऐकून कुशीवर वळले होते. आज त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. ती मान वळवेना, दारच बघत राहिली.

“करा बदली,” ते म्हणाले. “हिला किती तिष्ठत ठेवायचं?”

शाहीननी बाबगोंडांकडून तीच वाक्यं बोलवून घेतली. “ये गं बाय” जमलं. “सोड माझ्या राणी” म्हणताना ते लाजले. “आमचं येडं” म्हणताना ते मध्येच वैरण टाकायला उठून गेले, तेव्हा ते वाक्य दुपारी पुन्हा घ्यावं लागलं.

पहिल्या खेपेला फरक कळला नाही. मग आवाज जरा जाड झाला. आणि बरोबर मध्यावर, अर्धा तिचा आणि अर्धा त्यांचा झाला, तेव्हा कर्ण्यातून एक आवाज आला तो धड बाईचाही नव्हता, पुरुषाचाही नव्हता. त्यात आक्काताईंचा हेल होता आणि बाबगोंडांचा घोगरेपणा. कोवळा, ओळखीचा, कधीच न ऐकलेला. बाबगोंडांनी धार थांबवली. त्यांना मूलबाळ नव्हतं.

“बाई,” ते म्हणाले, “आजचा दिवस हितंच थांबवता येईल?”

शास्त्राच्या दृष्टीनं थांबवण्यात काही अर्थ नव्हता. शाहीननी थांबवलं. संध्याकाळच्या धारेलाही तोच आवाज लावला आणि त्या बाहेर कट्ट्यावर जाऊन बसल्या.

महिना भरायच्या आत टाकी पातळीला पोचली. टँकर फाट्यावर थांबला, वळला नाही, सरळ गावात आला. चेअरमननी त्याला हार घातला. ड्रायव्हर नसल्यामुळे हार आरशाला घालावा लागला, आणि भाषण ऐकायला टँकर थांबला नाही, एवढं सोडलं तर समारंभ उत्तम झाला. शेजारच्या गावांनी टोप मागवले. खिदरेवाडीत आता उजाडताना गोठ्यागोठ्यांतून राकट बाप्ये म्हशींना राणी म्हणत, आणि स्वतःविषयी अशी काही वाक्यं बोलत, जी दुसऱ्या कुणी ऐकली तर तंटा झाला असता.

जाताना शाहीननी बाबगोंडांच्या हातात टिपून ठेवलेल्या आवाजाची डबी दिली.

त्यांनी ती काही दिवस उघडली नाही. चिमणी खात होती, भरली होती, दाराकडे बघत नव्हती. मग एके दिवशी त्यांना वाटलं, आपण एकट्यानंच काय ऐकायचं, हिचीच तर ती. धारेला बसण्याआधी त्यांनी डबी पेंढ्यांवर ठेवली आणि लावली.

“ये गं बाय,” आक्काताई म्हणाल्या. “पाय घे. सोड, सोड माझ्या राणी.”

चिमणी दचकली. कान ताठ करून तिनं डबीकडे बघितलं आणि साखळी ताणून भिंतीला जाऊन भिडली. परकी बाई गोठ्यात शिरावी तशी. कास आक्रसली. दूध वर चढलं.

“आमचं येडं उठलं न्हाई अजून,” आक्काताई सांगत होत्या. “निजू दे.”

बाबगोंडांनी डबी बंद केली. गोठा शांत झाला. चिमणीची कातडी अजून थरथरत होती. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती ज्या आवाजाला ओळखत होती, त्या आवाजात तिची समजूत काढली.

“कुनी न्हाई गं, बाय,” ते म्हणाले. “कुनी न्हवतं.”

चिमणीनं पान्हा सोडला.