पाठीवरचा वारा

“कालपासून एकच वारा! गावातून इथं येताना पाठीत लाथा, घरी जाताना थोबाडीत!” म्हातारा पीतालुसी चरफडत विमानतळाच्या खोलीत शिरला.

मियाली हसली नाही. ती गावची पोलीस. पण आज आधी मावशी होती.

आर्क्टिकमधलं हे इनुइट गाव धावपट्टीच्या दक्षिणेला. विमान येतं तेही दक्षिणेकडूनच, किंगालिक या मोठ्या गावाहून. दोनशे किलोमीटर, पाऊण तासाची वाट. काल त्याला दीड तास लागला. त्यात रक्ताच्या पिशव्या होत्या. त्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा तिची भाची, बाळंतीण नापाची, गार पडली होती. अर्धा तास आधी मिळतं तर वाचली असती, असं नर्स म्हणाली.

नापाचीची आई तान्ही नात कुशीत घेऊन बाकावर बसली होती. नापाचीचा नवरा आलाशुआ भिंतीकडे तोंड करून उभा. तो काल पहाटेच सीलच्या शिकारीला गेला होता. परतला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

“हात हलवत आला,” पीतालुसी पुटपुटला. “बंदूकच घरी विसरला म्हणे. शिकारी!”

“गप बसा हो,” नापाचीची आई म्हणाली.

मियाली वैमानिकाकडे वळली. “ग्रेडी, उशीर का झाला?”

“समोरचा वारा होता, बाई. किती वेळा सांगू?”

“वाटेत उतरलास?”

“उतरायला आहे काय तिथं? नुसता गोठलेला समुद्र.”

“निघताना विमानाच्या स्की साफ केल्या होत्यास?”

“झाडून, पुसून. केल्याशिवाय उडताच येत नाही.”

मियाली बाहेर गेली. चाकांच्या जागी लावलेल्या लांब स्कींना राखाडी बर्फ चिकटला होता. तिनं सुरीनं खरवडून तो जिभेवर ठेवला, आणि थुंकली.

आत येऊन ती शांतपणे म्हणाली, “जो वारा पीतालुसीच्या पाठीत, तोच तुझ्या विमानाच्या पाठीत. तू उलट लवकर यायला हवं होतंस. आणि स्कीवरचा बर्फ खारट आहे. दोन्ही धावपट्ट्या डोंगरावर, तिथला बर्फ गोडा. तू समुद्रावर उतरलास. बर्फावर पाणी चढलं होतं. स्की त्यात रुतल्या, गोठल्या. त्या सोडवत बसलास आणि इकडे पोर गेली.”

ग्रेडीचा चेहरा उतरला. “दहा मिनिटांचं काम होतं. नेहमीचं.”

“काय उतरवलंस?”

“मला विचारता? गावात कुणालाही विचारा.”

गावात दारूबंदी. गावानंच मत देऊन घातलेली. सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. पेट्या येतात कुठून, हे मियालीनंही कधी विचारलं नव्हतं.

“घ्यायला कोण आलं होतं?”

ग्रेडी हातमोजे चढवू लागला.

मियालीला मात्र काल पाहिलेली बंदूक आठवत होती, आलाशुआच्या घरातल्या खुंटीवर. बंदूक विसरून कुणी सीलच्या मागे जात नाही. शिकारीला निघालेलाच नसला, तरच ती घरी राहते. तिनं आलाशुआच्या पाठीकडे पाहिलं.

बाळ रडू लागलं. “उगी गं लेकी, उगी नापाची,” आजी म्हणाली. गेलेल्या माणसाचं नाव नव्या जिवाला द्यायचं, म्हणजे ते माणूस परत येतं. हाक मारायची ती त्याच नात्यानं.

आलाशुआ भिंतीपासून वळला. बाळासमोर गुडघ्यांवर बसला.

“नापाची,” तो बायकोशी बोलावं तसं बोलला, “तुझं रक्त मी अडवलं. आपल्या पोरीच्या जन्माच्या आनंदासाठी मला दारू हवी होती.”